वाड्याच्या वाटेवरची जुनी झाडे

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या गावात देशमुखांचा, इनामदारांचा नाहीतर पाटलांचा जुना वाडा असेल. माळवद खाली आले असेल, भिंती ढासळल्या असतील. पण गावरस्त्यापासून वाड्याच्या दरवाजापर्यंत वाटेच्या दुतर्फा लावलेली वड, चिंच, आंब्याची झाडे अजून उभी असतात. पुढे जमिनीची वाटणी निघते, मोजणी होते आणि कोणीतरी विचारतो, "या झाडांचे व्यापारी काय देईल?" त्याला उत्तर देण्यापूर्वी काय पाहावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

सुरूरहून वाईकडे जाताना रस्त्यावर जुन्या वडांची कमान लागते. ती पाहिली म्हणजे रांगेचे मोल कळते. रांगेतील एक झाड गेले, की शेजारच्या झाडांवर वारा थेट येतो आणि तीही धोक्यात येतात. म्हणून दोन झाडे विकून बाकीची राखू, हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. आरमाराला लाकूड हवे होते, आंबा-फणसाचे लाकूड उपयोगीही होते. तरीही त्या झाडांना हात लावू नये, असे त्यात बजावले आहे. कारण अगदी शेतकऱ्याला पटणारे आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व मोबदला देऊनच ते न्यावे, असेही त्यात आहे.

आज कायदा काय सांगतो? आंबा, चिंच, फणस, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते; झाड स्वतःच्या मालकीचे असले तरीही. नागरी भागासाठीच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. तो कायदा मात्र शहरांसाठी आहे. खेड्यातील जुन्या झाडाचा खरा राखणदार त्याचा मालकच.

तथापि कुऱ्हाड न लावताही झाड मरते, हे ध्यानात घ्यावे. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. वाटेवर मुरमाचा भराव टाकला, पाराला सिमेंटचा कोबा केला, जेसीबीने चर काढला किंवा बुंध्याशी पाचट पेटवले, की मुळे गुदमरतात, तुटतात किंवा भाजतात. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंडे वाळू लागतात आणि आपण म्हणतो, "झाड म्हातारे झाले."

यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

१. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजावा. त्याच्या चौपट अंतरापर्यंत सर्व बाजूंनी खोल नांगरट, चर, भराव व जाळ टाळावा. घेर ९ फूट असेल, तर ३६ फूट.

२. पाराच्या आतील माती उघडी ठेवावी. पालापाचोळा तिथेच कुजू द्यावा. मात्र बुंध्याला ढीग लावू नये.

३. वाटेवर लोंबणारी वाळलेली फांदी वेळीच काढावी. कापताना फांदीच्या बुडाचा फुगीर भाग राखावा. आंब्याच्या कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. त्यासाठी प्लास्टिकचे भांडे वापरावे.

४. पोकळ खोडात सिमेंट भरू नये. वडाच्या पारंब्या तोडू नयेत. त्या जमिनीत रुजल्या की फांदीला आधार देतात.

५. आंब्यावरील बांडगूळ फळे धरण्यापूर्वी फांदीच्या तुकड्यासह काढावे.

६. जुन्या रायवळ आंब्याची चव चांगली असेल, तर त्याची काडी घेऊन मृदुकाष्ठ कलमे करावीत. त्याच कलमांनी रांगेतील खाडे भरावेत. झाड एक दिवस जाणारच. वाण तरी घरात राहील.

झाडाच्या सावलीत पीक कमी येते, ही आपली तक्रार खरी आहे. ज्वारी-कापूस तिथे साधणार नाही. विरळ सावलीत हळद, आले किंवा सुरण घेऊन पाहावे. खालच्या काही फांद्या काढल्यास ऊनही आत येते.

शेवटी, वाटणी करणाऱ्या भावांना एक विनंती. वाटणीपत्र करताना झाडांचा हा पट्टा सामाईक ठेवा. चिंच-आंब्याचे उत्पन्न वाटून घ्यावे आणि सर्वांच्या संमतीशिवाय झाड तोडू नये, असे त्यात स्पष्ट लिहा. वाडा पुन्हा बांधता येईल. शंभर वर्षांचे झाड मात्र शंभर वर्षांनीच मिळते.