हिमबिबट्या आणि चूल

लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात, रुम्बक गावी, आम्ही हिमबिबट्याचे फोटो काढायला गेलो होतो. तो दिसलाच नाही. दिसल्या त्या घरधनीण ताई. आमच्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या, रात्री सर्वांत शेवटी जेवणाऱ्या. (हे कुठं तरी पाहिलंय, नाही?)

हा प्राणी गोठ्यात शिरला की एका रात्रीत कितीतरी शेळ्यामेंढ्या मारतो. मग माणसं त्याला मारत. २००२ पासून लडाखात घरगुती मुक्कामाची योजना आली, बाईच्या हाती पैसा आला. वाटाडे मात्र बहुतेक पुरुषच होते. थिनलस चोरोल यांनी २००९ मध्ये केवळ बायकांची पर्यटन कंपनी काढली, ती म्हणूनच.

निघताना मी विचारलं, "ताई, तुमचा फोटो काढू?"

"काढा, पण आधी ही भांडी होऊ देत."

मी कॅमेरा ठेवला, भांडी विसळायला बसले.