पहिलीं दहा मिनिटें

मनुष्य मरतो तो एका क्षणांत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिवा मालवावा तसा प्राण जातो, असें म्हणण्याची रीतच पडून गेली आहे. परंतु ज्याचें हृदय एकाएकीं बंद पडतें त्याच्या बाबतींत शरीरशास्त्र कांहीं निराळेंच सांगतें. हृदय थांबलें, नाडी लागेनाशी झाली, मनुष्य भुईवर कोसळला, तरी त्याच्या मेंदूंतील पेशी त्याच घटकेस मरत नाहींत. रक्ताचा पुरवठा तुटल्यावर साधारणतः चार-पांच मिनिटांनंतर त्यांचा नाश होऊं लागतो. आणि कोणीच कांहीं केलें नाहीं, तर दहा मिनिटांच्या सुमारास आशा जवळजवळ संपते. या थोडक्या मिनिटांत मनुष्याला माघारीं आणतां येतें. मात्र तीं मिनिटें कोणाच्या हातीं असतात, आणि त्यांचा उपयोग कोणी करावयाचा, हा गेल्या साठ-सत्तर वर्षांतील वैद्यकापुढील एक मोठा प्रश्न होऊन बसला. त्याचें उत्तर ज्यांनीं शोधलें त्यांची हकीकत प्रत्येक कुटुंबानें ऐकून ठेवण्यासारखी आहे.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणें या दोन गोष्टी व्यवहारांत एकच समजल्या जातात. पण त्या एक नव्हेत. झटक्यांत हृदयाला रक्त पुरविणारी एखादी धमनी तुंबते. रोगी बहुधा शुद्धीवर असतो. छातींत कळ येते, घाम सुटतो, तो बोलूंही शकतो. हृदय बंद पडलें म्हणजे मात्र तो कांहीं क्षणांतच बेशुद्ध होतो. पुष्कळदां पहिल्या गोष्टींतून दुसरी उद्भवते. हृदयाचें आकुंचन-प्रसरण ज्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या तालावर चालतें तो ताल बिघडतो, आणि हृदय ठोके देण्याऐवजीं नुसतें थरथरूं लागतें. अशा हृदयांतून शरीराकडे रक्त जात नाहीं. त्या वेळीं छातीवरून विजेचा जोराचा धक्का दिला, तर तो सारा गोंधळ एकदम थांबतो आणि नैसर्गिक तालाला पुनः सुरू होण्यास अवसर मिळतो. परंतु ही थरथरही फार वेळ टिकत नाहीं. मध्यंतरीं कोणी छाती दाबली नाहीं, तर रोगी वांचण्याचा संभव दर मिनिटास शेंकडा सात ते दहांनीं घटत जातो.

छाती दाबण्याची ही युक्ति वाटते तितकी जुनी नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद पडलेलें हृदय चालूं करावयाचें म्हणजे शस्त्रवैद्यानें छाती उघडून तें मुठींत धरून दाबावयाचें, हाच मुख्य मार्ग होता. अर्थात् तो शस्त्रक्रियागृहाच्या भिंतींपलीकडे जाऊं शकत नव्हता. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स या संस्थेंत विद्युत्-अभियंते विल्यम कौवेनहोवन आणि त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर हे विजेच्या धक्क्याचे प्रयोग कुत्र्यांवर करीत होते. धक्का देण्याच्या जड पट्ट्या छातीवर दाबून धरल्या कीं विजेवांचूनच रक्तदाब थोडा चढतो, असें निकरबॉकर यांच्या ध्यानांत आलें. शस्त्रवैद्य जेम्स ज्यूड त्यांना येऊन मिळाले. आणि १९६० च्या जुलै महिन्यांत या तिघांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत २० रोग्यांची हकीकत होती व त्यांपैकीं १४ वांचले होते. छाती न उघडतां, कोणतेंही हत्यार न घेतां, केवळ दोन हातांनीं रक्ताचा प्रवाह चालूं ठेवतां येतो, हें या निबंधानें सिद्ध केलें. तोंडावाटें श्वास देण्याची क्रिया पीटर सफार यांनीं त्याच सुमारास शास्त्रशुद्ध पायावर उभी केली होती. दोन्ही एकत्र आल्या आणि आज ज्याला सी. पी. आर. म्हणतात तें तयार झालें.

साधन सांपडलें, पण रोगी कोठें होता? तो बहुधा घरीं होता, आणि साधन इस्पितळांत होतें. ही विसंगति ज्यांना फार बोंचली ते उत्तर आयर्लंडांतील बेलफास्टचे डॉक्टर फ्रँक पँट्रिज. दुसऱ्या महायुद्धांत ते जपान्यांच्या हातीं सांपडले होते व ब्रह्मदेशाच्या कुप्रसिद्ध रेल्वेमार्गावर त्यांनीं बंदिवास भोगला होता. पुढें रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयांत हृदयरोगाचें काम करीत असतां त्यांना दिसून आलें कीं, झटक्यानें मरणाऱ्यांपैकीं फार मोठा भाग पहिल्या तासा-दोन तासांतच, म्हणजे रुग्णालयाचें दार दिसण्यापूर्वींच, मरण पावतो. मग आंत कितीही उत्तम व्यवस्था ठेवली तरी ती वाटेंत मेलेल्यांच्या काय उपयोगाची? रोगी येत नाहीं तर रुग्णालयानेंच त्याच्याकडे गेलें पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष साधा होता. १९६६ च्या जानेवारींत त्यांनीं व त्यांचे सहकारी डॉ. जॉन गेडिस यांनीं डॉक्टर, परिचारिका व धक्का देणारें यंत्र असलेली रुग्णवाहिका बेलफास्टच्या रस्त्यांवर काढली. तें यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालत असे आणि त्याचें वजन सुमारें ७० किलो होतें. १९६८ पर्यंत पँट्रिज यांनीं तीन किलोंच्या आसपास वजनाचें यंत्र तयार करविलें. १९६७ च्या ऑगस्टमध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा वृत्तांत छापून आला. घरचा देश ब्रिटन या कल्पनेविषयीं बराच काळ उदासीन राहिला. तिचा प्रसार प्रथम झाला तो अटलांटिक महासागरापलीकडे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरीं हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड कॉब यांनीं तो लेख वाचला. बेलफास्टच्या योजनेचें मोल त्यांना पटलें, आणि तिच्यांतील अडचणही दिसली. डॉक्टर थोडे असतात. ते रुग्णालयाशीं बांधलेले असतात. आणि प्रत्येक हांकेला त्यांना निघतां येत नाहीं. शहराच्या प्रत्येक भागांत अहोरात्र सज्ज बसलेला, हांक येतांच मिनिटभरांत बाहेर पडणारा असा एकच वर्ग होता, तो म्हणजे आगीच्या बंबावरील जवानांचा. कॉब अग्निशामक दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्याकडे गेले, आणि या दोघांच्या सहकार्यानें १९७० च्या मार्चमध्यें ‘मेडिक वन’ नांवाची गाडी धांवूं लागली. प्रारंभीं जवानांबरोबर डॉक्टरही जात. हळूहळू डॉक्टर मागें राहिले, आणि नाडी पाहणें, औषध टोंचणें, विजेचा धक्का देणें हीं कामें शिकून तयार झालेले जवानच करूं लागले.

आग विझविणाऱ्यानें डॉक्टरचें काम करावें काय, अशी शंका तेव्हां घेतली गेली नसती तरच नवल. शंका अवास्तव नव्हती. अर्धवट शिक्षणानें अनर्थ होतो हें खरेंच आहे. परंतु कॉब यांनीं तिला वादानें उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं शिक्षण कसून दिलें, आणि प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली: हांक केव्हां आली, गाडी केव्हां पोहोंचली, हृदयाचा ताल कसा होता, रोगी घरीं परतला कीं नाहीं. या नोंदींनींच पुढचें पाऊल सुचविलें. जवान लवकर येतात खरे, पण लवकर म्हणजेही कांहीं मिनिटें. आणि तीं मिनिटें तर रोग्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं असतात. म्हणून सामान्य नागरिकांना छाती दाबण्यास शिकविण्याची मोहीम सिॲटलमध्यें निघाली व एक लाखाहून अधिक लोक तींत शिकून तयार झाले. जवळच्या माणसानें आधींच छाती दाबण्यास सुरुवात केली होती अशा रोग्यांपैकीं घरीं परतणाऱ्यांचें प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहे, असें तेथील संशोधकांनीं १९७९ सालीं दाखवून दिलें.

तरीही एक उणीव उरलीच. ज्याच्या डोळ्यांदेखत मनुष्य कोसळतो तो शिकलेला असेलच असें नाहीं. आणि शिकलेला असला तरी त्या प्रसंगीं हातपाय गळतात. तो करतो तें एकच, म्हणजे टेलिफोन. सिॲटल ज्या परगण्यांत आहे त्या किंग परगण्यांत डॉ. मिकी आयझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत या टेलिफोनचाच उपयोग करून घेतला. टेलिफोनवर बसलेल्या कर्मचाऱ्यानें गाडी पाठवून स्वस्थ न बसतां, बोलणाऱ्याला त्याच क्षणीं छाती कशी दाबावयाची तें सांगावें, अशी पद्धति बसविण्यांत आली. त्यासाठीं दोनच प्रश्न पुरतात: मनुष्य शुद्धीवर आहे काय? त्याचा श्वास नेहमींप्रमाणें चालूं आहे काय? दोहोंचें उत्तर ‘नाहीं’ आलें कीं दाबण्यास प्रारंभ करावयाचा. यांत दुसऱ्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. हृदय बंद पडल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें पुष्कळ रोगी मधूनमधून आचके देतात, घरघर करतात. घरच्यांस तो श्वासच वाटतो आणि ते थांबून राहतात. तो श्वास नव्हे. तें हृदय थांबल्याचें लक्षण आहे.

या सुधारणा गांवोगांव होऊं लागल्या तेव्हां एक नवीच अडचण उभी राहिली. एक शहर सांगे, आम्ही इतके वांचविले. दुसरें सांगे, तितके. पण कोणाला मोजावयाचें याचीच परिभाषा प्रत्येकाची निराळी होती. तेव्हां १९९० सालीं नॉर्वेंतील उटस्टाइन या पुरातन मठांत निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ जमले, आणि नोंदींची एकच रीत त्यांनीं ठरविली. ही गोष्ट वरवर कारकुनी वाटेल. परंतु स्वतःचें अपयश आंकड्यांत पाहण्याची तयारी झाल्यावांचून कोणतीच व्यवस्था सुधारत नाहीं.

याचें ठळक उदाहरण डेन्मार्क. तेथें २००१ पासून रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्यांत आली. पहिल्या वर्षाचे आंकडे खेदजनक होते. जवळच्या माणसानें छाती दाबली असे रोगी शेंकडा २१ होते, आणि तीस दिवसांनंतर जिवंत असलेले अवघे साडेतीन. तेव्हां शाळांतून हें शिक्षण आवश्यक करण्यांत आलें, आणि २००६ पासून मोटार चालविण्याचा परवाना मागणाऱ्यासही तें सक्तीचें झालें. घरीं बसून शिकण्याचीं साधनें वांटलीं गेलीं. टेलिफोनवर जाणते लोक नेमले गेले. २०१० पर्यंत छाती दाबण्याचें प्रमाण शेंकडा ४५ च्या जवळ गेलें, आणि तीस दिवस जगणाऱ्यांचें सुमारें ११ वर आलें. यांतील किती श्रेय शाळांचें, किती रुग्णवाहिकांचें व किती रुग्णालयांतील उपचारांचें, हें अलग करून सांगतां येत नाहीं. शेंकडा अकरा हा आंकडा लहानही वाटेल. परंतु पूर्वीं जेथें एक मनुष्य घरीं परतत असे तेथें आतां तिघे परततात, असा त्याचा अर्थ आहे.

या सर्व हकीकतींतून पुढारीपणाचें एक स्वरूप दिसून येतें. डॉक्टरानें रुग्णालय सोडलें. मग आपली विद्या बंबवाल्यास दिली. मग टेलिफोनवरील कर्मचाऱ्यास, आणि शेवटीं शाळेंतील मुलास. प्रत्येक पायरीवर ज्याच्या हातीं अधिकार होता त्यानें तो दुसऱ्यास देऊन टाकला, आणि दिल्यावर परिणाम काय झाला तें प्रामाणिकपणें मोजलें. या कामांत यंत्रांचा वांटा मोठा आहे. पण हें दान झालें नसतें तर तीं यंत्रें रुग्णालयाच्या कपाटांतच राहिलीं असतीं.

महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर हांक मारल्यास रुग्णवाहिका येते. ती कितीही तत्परतेनें निघाली, तरी मुंबई-पुण्याच्या गर्दींतून किंवा घाटाच्या वळणांवरून तिला वेळ लागणारच. आणि हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग रस्त्यावर अगर कचेरींत घडत नसून घरांतच घडतात, असा देशोदेशींचा अनुभव आहे. म्हणजे ज्याला हें काम करावें लागेल तो बहुधा रोग्याचा मुलगा, सून, पत्नी किंवा भिंतीपलीकडचा शेजारी असणार. त्या वेळीं कांदा हुंगविणें, तोंडांत पाणी घालणें, उचलून खालीं नेण्यासाठीं चारजण जमविणें, यांतच मोलाचीं मिनिटें जातात. करावयाचें तें थोडें आहे. एकानें १०८ ला टेलिफोन करावा. दुसऱ्यानें रोग्यास कठीण भुईवर उताणें निजवून, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरें ताठ धरून, पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावें, आणि दर वेळीं छातीस पुनः पूर्ण वर येऊं द्यावें. गति मिनिटास शंभर ते एकशेंवीस असावी. थकवा लवकर येतो, म्हणून दोन-दोन मिनिटांनीं माणूस बदलावा. आणि मदत येईपर्यंत किंवा रोगी हालचाल करीपर्यंत थांबूं नये. तोंडानें श्वास देण्याचें शिक्षण नसलेल्यानें प्रौढ रोग्याची केवळ छाती दाबली तरी ती मोठी मदत होते.

बरगडी मोडेल, हें भय पुष्कळांस वाटतें. ती कधीं कधीं मोडतेही. पण मोडलेली बरगडी जुळून येते. कांहींच न केल्यानें जें होतें तें मात्र भरून येत नाहीं. हातांची ही क्रिया ऐकून थोडी समजते, करून पाहिल्यानें अंगवळणीं पडते, आणि शिकविणाऱ्याच्या देखरेखीखालीं पुतळ्यावर ती शिकण्यास एक दुपार पुरेशी होते. घरांतील दोघांनीं तरी ती दुपार यासाठीं काढून ठेवावी.