सर्वांत जुना ग्रॅनाइट आणि त्याची धूळ



पत्रिकेतला विषय वाचून काहींनी मला विचारले, की युनियनच्या माणसाचे भूगर्भशास्त्राशी काय नाते? नाते दगडखाणीतले आहे, आणि ते मी ओघात सांगेनच. पण दगडाची हकिकत तिच्या स्वतःच्या गुणानेही ऐकण्यासारखी आहे.

1975 सालचा ‘शोले’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. गब्बरसिंग ज्या उघड्याबोडक्या टेकड्यांत वावरतो त्या बंगळूरजवळच्या रामनगरच्या. या गावाचे जुने नाव क्लोजपेट. बॅरी क्लोज या इंग्रज रेसिडेंटावरून पडलेले. त्यामुळे तिथला दगड जगभर ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणून ओळखला जातो. दक्षिणोत्तर सुमारे 400 किलोमीटर लांब आणि 20-25 किलोमीटर रुंद असा हा पट्टा आहे, आणि त्याचे वय सुमारे 252 कोटी वर्षे आहे. पण ज्या दगडात तो खालून घुसला, त्याच्यापुढे तो पोरसवदाच! त्या जुन्या दगडाला म्हैसूरच्या भूगर्भखात्याचे स्मीथ यांनी 1916 मध्ये ‘पेनिन्शुलर नाइस’ असे नाव दिले. बंगळूरच्या लालबागेतली टेकडी याचीच. हसन जिल्ह्यात गोरूरजवळ तर हा दगड सुमारे 330 कोटी वर्षांचा भरतो. 400 ते 250 कोटी वर्षांपूर्वीच्या या कालखंडाला शास्त्रज्ञ आर्कियन म्हणतात.

आपण सह्याद्रीची माणसे. आपल्याला दगड म्हटला की काळा फत्तर आठवतो. तो बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचा दगड, आणि वय अवघे साडेसहा कोटी वर्षे. पण त्याच्याखाली काय आहे? 1967 च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. पुढे त्याचे कारण शोधताना तिथे खोल विंधणविवरे घेतली गेली. रासाटीला सुमारे 930 मीटर काळा दगड संपल्यावर खाली लागला तो ग्रॅनाइट आणि नाइस! कोयनेचे धक्के प्रामुख्याने उगम पावतात ते या खालच्या जुन्या दगडात. गोव्याच्या सीमेवर अनमोड घाटात तर असला प्राचीन नाइस उघडाच दिसतो. आपले काळे पठार म्हणजे या जुन्या जमिनीवर घातलेले जाजम आहे, असे समजा.

आता मुख्य प्रश्न. हा पहिला ग्रॅनाइट आला कोठून? पृथ्वीच्या पोटातला मूळ दगड वितळला तर बेसाल्टच निघतो, ग्रॅनाइट निघत नाही. मग भूखंडांना पाया मिळाला कसा? आजचे उत्तर असे, की काळा दगड पुन्हा वितळून त्यातून हा करडा दगड निघाला. मात्र तो काळा दगड ओला असावा लागतो. ओला म्हणजे भिजलेला नव्हे. पाण्याचा अंश त्याच्या खनिजांत बांधला गेलेला. तसा बेसाल्ट खोल गाडला गेला आणि तापला, की त्याचा थोडाच भाग आधी वितळतो. तो रस हलका, सिलिकाने समृद्ध, म्हणून वर चढतो. त्या काळी पृथ्वीच्या पोटातली किरणोत्सारी उष्णता आजच्या दुपटीहून अधिक होती, त्यामुळे ही भट्टी सहज पेटत असे.

हे कशावरून म्हणायचे? युनियनमध्ये काम करणाराला पगारपत्रक वाचायची सवय असते. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, याकडे त्याची नजर आधी जाते. हजेरीपटावर नाव नाही, पण खाणीत माणूस आहे, तर तो ठेकेदाराने कुठे दडवला? भूरसायनशास्त्रज्ञ दगड असाच वाचतात. या जुन्या ग्रॅनाइटी दगडात सिलिका सुमारे 70 टक्के, सोडियम भरपूर, पोटॅशियम त्या मानाने कमी. आणि इटर्बियम नावाचा एक दुर्मीळ धातू चमत्कारिक रीतीने गायब! गार्नेट हे खनिज इटर्बियम अधाशासारखे ओढून घेते. तेव्हा रस वर आला आणि गार्नेट खाली राहिले, हे उघड झाले. बेसाल्टात गार्नेट तयार व्हायला दाब लागतो. म्हणजे हे वितळणे साधारण 35-40 किलोमीटर किंवा त्याहून खोल झालेले असले पाहिजे. न दिसणाऱ्या धातूने खोली सांगितली! हा काळा दगड तितका खोल गेला कसा, यावर मात्र पंडितांत अजून भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, समुद्रतळाची लादी दुसरीखाली सरकली. दुसरा म्हणतो, लाव्ह्याचे थर साचून कवच जाड झाले आणि त्याचा तळ वितळला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी घडल्या असाव्यात, असे मला वाटते.

वयाचा पुरावा झिरकॉनच्या बारीक स्फटिकांत असतो. घडताना हा स्फटिक युरेनियमला घरात घेतो आणि शिशाला जवळजवळ दारातच अडवतो. पुढे आत जे शिसे सापडते ते युरेनियमचेच झालेले. युरेनियमच्या मुख्य प्रकाराला निम्मे व्हायला 447 कोटी वर्षे लागतात. या हिशोबाने कॅनडातला अकास्ता नाइस सुमारे 403 कोटी वर्षांचा ठरला.

क्लोजपेटची गोष्ट याच्या पुढच्या पिढीची. तोवर करडा दगड जुना झाला होता. खालून नवा तप्त रस आला, जुना नाइस त्याच्या धगीने पुन्हा वितळला, आणि दोहोंच्या मिसळीतून पोटॅशियमने भरलेले मोठाले गुलाबी स्फटिक असलेला हा ग्रॅनाइट झाला. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर कर्नाटकाच्या याच आर्कियन प्रदेशातल्या ग्रॅनाइटी टेकडीतून कोरलेला आहे. त्याच्या पायाशी मराठीतल्या आरंभीच्या लेखांत गणला जाणारा लेख आहे. आपल्या भाषेची अक्षरे इतक्या जुन्या दगडावर बसलेली आहेत!

आता खाणीत येतो. बेसाल्टातही निम्मी सिलिका असते, पण ती जवळजवळ सगळी इतर खनिजांत अडकलेली. ग्रॅनाइटात पाव ते तिसरा हिस्सा मोकळा क्वॉर्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. ड्रिल लागले की त्याचा डोळ्यांना न दिसणारा चुरा फुप्फुसात जाऊन बसतो. त्याने होणाऱ्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सोने क्वॉर्ट्झच्या शिरांतच होते. तिथल्या 7,653 कामगारांच्या 1947 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 43.7 टक्के लोकांना हा रोग आढळला. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने त्याची नोंद सक्तीची केली. पण ठेकेदाराच्या खाणीत नोंद करणार कोण? कागदावर पुष्कळांचा मृत्यू क्षयाने होतो.

काळ्या फत्तरावर घण घालून वाढलेला आमचा वडार कामगार चार पैसे जास्त मिळतात म्हणून ग्रॅनाइटाच्या खाणीवर जातो. त्याला वाटते, दगड तो दगड. भोक पाडताना पाण्याची धार सोडली तर धूळ पुष्कळ बसते. पण पाणी आणायला टँकर लागतो, म्हणून ड्रिल कोरडेच चालते. मी त्याच्या हातात दोन्ही दगडांचे तुकडे देतो आणि ग्रॅनाइटातला काचेसारखा दाणा दाखवतो. आमच्या मागण्यांच्या अर्जात हल्ली पहिल्या ओळीत दगडाचे नाव असते, दुसऱ्या ओळीत पाणी, तिसऱ्या ओळीत छातीचा एक्स-रे. आणि पगारवाढ चौथ्या ओळीत.