आवाज येतो, शब्द कळत नाहीत

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर आहे. तरीही कानाविषयी बोलायला उभा राहिलो, कारण आपल्या सेक्रेटरींनी मध्यंतरी मला विचारले होते, "दोन वर्षे मीटिंगला का येत नव्हतात?" तेव्हा मी ड्यूटीचे कारण सांगितले. ते खोटे होते. खरे उत्तर आज देतो.

मला ऐकू येत नव्हते. म्हणजे आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. चार जण एकदम बोलू लागले की नुसता कलकलाट. एकदा वर्गणीच्या "साठ" पावत्या फाटल्या असे कोणी म्हणाले, मी "आठ" ऐकले आणि तावातावाने विचारले, "इतक्या कमी कशा?" सगळे हसले. मीही हसलो आणि पुढच्या मीटिंगपासून यायचे बंद केले. काहींना वाटले, साहेबांना शिष्टपणा आला. ऑफिसात हेल्पर आपसांत म्हणायचे, "साहब आजकल ऊँचा सुनते हैं।" हे मात्र बरोबर ऐकू आले!

आता साठचे आठ का झाले ते सांगतो. आमच्याकडे जुन्या आल्को डिझेल इंजिनाची लोड बॉक्सवर चाचणी घेतात. इंजिन जागेवर उभे आणि आठव्या नॉचवर पूर्ण ताकदीने चालू. शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी कळत नाही. कानात घालायचे बोळे मिळत होते, ते माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होते. दोष माझाच. आतल्या कानात काही हजार सूक्ष्म केसपेशी असतात. अति आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आवाजाचा पहिला घाव बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास बसतो. "आ", "ओ" हे स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. "स", "श", "च" वरच्या पट्टीतले, ते गळतात. म्हणून साठचे आठ. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने स्वर आणखी मोठे होतात, "स" काही परत येत नाही.

हे मला समजले तेव्हा वडील आठवले. तेही रेल्वेतलेच, फिटर. निवृत्तीनंतर भुसावळला असायचे. हळूहळू त्यांनी पारावर जाणे सोडले, भजनाला जाणे सोडले. काही विचारले की नुसते "हो, हो" म्हणायचे. आम्ही ठरवून टाकले की यांना आता विसरायला होते. अहो, सांगितलेले ऐकूच आले नव्हते, तर लक्षात काय राहणार? 2016 साली ते गेले. आम्ही त्यांचा चष्मा दोनदा बदलून आणला. कान एकदाही तपासला नाही.

कमी ऐकू येणाऱ्याचा मेंदू दिवसभर गाळलेल्या जागा भरत असतो. संध्याकाळी घरी आलो की माझे डोके जड व्हायचे, चिडचिड व्हायची. मग माणसे टाळणे आणि एकटेपणा. "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे दिली, त्यांत श्रवणदोष आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवरचा तीन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांचा मिळून हिशेब केला तर श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळात जास्त होता, त्यांच्यात ती घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणजे मशीन लावले की स्मरणशक्ती वाढते, असे कोणी विकायला आले तर विश्वास ठेवू नका. शरीराचेही तसेच. 2012 च्या एका अमेरिकन पाहणीत 40 ते 69 वयाच्या, थोडेसेच कमी ऐकू येणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळले. मागून येणारी ई-रिक्षा ऐकू आली नाही तर काय होते, हे नोएडात राहणाऱ्यांना सांगायला नको.

मशीनमध्ये मायक्रोफोन, अँप्लिफायर आणि छोटा स्पीकर असतो. डिजिटल मशीन सगळा आवाज सरसकट वाढवत नाही. तुमच्या ऑडिओग्राममध्ये जिथे खड्डा आहे, तेवढाच भरते. म्हणून दुसऱ्याचे मशीन किंवा बाजारातला तयार डबा घेऊ नये. मला पहिले दोन आठवडे वर्तमानपत्राची पाने उलटली तरी पत्र्याचा आवाज वाटायचा. मशीन फेकून द्यावेसे वाटले. बायकोने फेकू दिले नाही. ऑडिओलॉजिस्टकडे तीनदा जाऊन ट्यूनिंग केले, तेव्हा जमले. त्यानंतर एका रविवारी मुलीने शेजारच्या खोलीतून "बाबा, चहा" म्हटले आणि मी उठून गेलो. घरात कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांनी ते टिपले.

नोकरीत मेडिकल कॅटेगरी खाली येईल, या भीतीने मी तपासणी तीन वर्षे लांबवली होती. तपासणी म्हणजे बंद खोलीत बसून "पी" असा आवाज आला की बटण दाबायचे, एवढेच. आपल्या जवळ नोएडा सेक्टर 40 मध्ये अली यावर जंग संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मूळ संस्था 1983 पासून मुंबईत वांद्र्याला आहे. उत्पन्न कमी असलेल्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून आणि ज्येष्ठांना 2017 पासून वयोश्री योजनेतून मशीन मिळू शकते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या सासूबाईंनाही हे सांगा.

थोडे आपल्या मंडळाविषयी. कारखान्यात आठ तासांना 90 डेसिबल ही मर्यादा आहे, वस्तीत दिवसा 55. विसर्जनाच्या दिवशी स्पीकरला टेकून उभ्या राहणाऱ्या पोरांना जरा मागे घ्या. मला बोळ्यांचे कोणी सांगितले नव्हते असे नाही, मीच ऐकले नाही.

कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर जरूर विचारा, फक्त समोर येऊन, एकेकाने. आरतीची वेळ झाली आहे. झांजा सुरू झाल्या की मी मशीन दोन पायऱ्या खाली आणतो.

गणपती बाप्पा मोरया!