परसबागेचे डबे: आधी डबा तपासा, मग भेग बुजवा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका कृषी सखीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी बऱ्याच जणींनी जुन्या कॅनमध्ये, बादल्यांमध्ये सांबार, पालक, मेथी लावली आहे. छान केलं. पण फुटका डबा कशानं बुजवायचा, हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं. त्याच्या आधी एक गोष्ट सांगते.

2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ते औषध ज्या डब्यात येतं, तो डबा कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं राहतं. मग ते मातीत उतरतं. म्हणून ज्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोनी शिक्का आहे, तो परसबागेत नको. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. असा डबा पाण्याला, धान्यालाही नको. त्याला भोकं पाडून निकामी करा, चुलीत जाळू नका. तणनाशकाच्या डब्यालाही हेच लागू. रंगाच्या बादलीत फुलझाड लावा, भाजी नको.

खाण्याच्या तेलाचा कॅन चांगला. बुडाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असेल तर उत्तम.

आता बुजवायचं कशानं? मुळात कुंडीला तळाशी भोकं लागतातच, नाहीतर मुळं सडतात. त्यामुळे लहानशा भेगेला काहीच लावू नका. तिथं आतून जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही.

खाली पाणी साठवणारा डबा करायचा असेल, तेव्हाच सीलंट लागतं. दुकानात साधं सिलिकॉन मागा, ज्याला ओलं असताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. नळीवर 'शंभर टक्के सिलिकॉन' लिहिलेलं हवं. 'बुरशीरोधक' लिहिलेलं, बाथरूमसाठीचं घेऊ नका. त्यात बुरशी मारायचं औषध असतं. माशांच्या काचेच्या टाकीला चालणारं मिळालं तर निवांत घ्या.

लावायची रीत अशी: डबा साबणानं धुऊन कोरडा करा. प्लास्टिक गुळगुळीत असतं, म्हणून भेगेच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं खरखरीत करा. पातळ थर द्या. वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओलं असतं. तीन-चार दिवस सावलीत ठेवा, वास पूर्ण गेला की पाणी भरा आणि पहिलं पाणी फेकून द्या. या प्लास्टिकला सिलिकॉन फार घट्ट चिकटत नाही, म्हणून वजन येतं त्या जागी भरवसा ठेवू नका. तोटी बसवायची तर पाण्याच्या टाकीला लावतात तसं रबरी वॉशर असलेलं टँक निपल बसवा, त्याला सीलंट लागतच नाही. एमसील वापरायचं तर बाहेरूनच, आणि कालवताना हातात पिशवी घाला. कच्चं असताना कातडीला त्रास होतो.

डांबर, पंक्चरचं सोल्यूशन, जुना रंग हे आतून लावू नका. सफेदा आणि शेंदूर तर नकोच, त्यात शिसं असू शकतं, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं. प्लास्टिक चुलीवर वितळवून भेग जोडायचीही नाही. तो धूर आपल्याच नाकात जातो.

पाणी साठणाऱ्या डब्याचं तोंड कापडानं बांधा, डासांना जागा देऊ नका.

येत्या बैठकीत एक काम करू. प्रत्येक गटानं आपल्या बायांच्या घरचे डबे एकदा बघायचे. फवारणीचा डबा कोणाच्या बागेत निघाला, तर तिला दोष न देता झाड नव्या मातीत, नव्या डब्यात हलवायला मदत करायची. जुनी माती वाफ्यात मिसळायची नाही.

भाजी लेकरांच्या ताटात जाते, बायांनो. तेवढं लक्षात ठेवा.