चालकाचं वजन

ऑस्ट्रेलियात १९८७ साली ‘वर्ल्ड सोलर चॅलेंज’ सुरू झाली. डार्विन ते अ‍ॅडलेड, सुमारे ३,००० किलोमीटर. विद्यार्थ्यांचे गट महिनोन्‌महिने खपून सौरगाडी बांधतात आणि वाळवंटातून नेतात. आपल्या घरच्या इस्त्रीला लागते, साधारण तेवढ्याच विजेवर ती धावते! त्यामुळे एकेक किलो मोलाचा.

मग हलकी मुलगी चालवायला बसवली की जिंकलो? नाही. चालक ८० किलोपेक्षा हलका असेल, तर उरलेलं वजन गाडीत ठेवावं लागतं. ५० किलोची मुलगी असेल तर सोबत ३० किलोचं ओझं. मला हा नियम फार आवडतो. बाईचं शरीर म्हटलं की आपल्याकडे मनाईच निघते. इथे शरीराचा हिशेब केला आणि विषय मिटवला.

पण हा नियम सीटपुरताच. वेल्डिंग कुणी करायचं, मोटर कुणी जोडायची आणि देणगीदारांना पत्रं कुणी लिहायची, हे त्यात नाही.

शर्यत संध्याकाळी ५ वाजता थांबते. गाडी असेल तिथेच रस्त्याकडेला मुलंमुली तंबू ठोकतात. आपल्याकडे त्याच सुमारास मुलींच्या वसतिगृहात परतायची घाई सुरू होते. दिल्लीच्या विद्यार्थिनी २०१५ साली ‘पिंजरा तोड’ म्हणत याविरुद्धच उभ्या राहिल्या. गाडीचं काम तर तास संपल्यावरच सुरू होतं ना? जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन विचारा: वर्कशॉप किती वाजता बंद होतं आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता?