ओस पडलेलें रामलीला मैदान

मोठ्या शहरांत करमणुकीचा एक स्वतंत्र मोहल्ला असतो. मुंबईंत ग्रँट रोडच्या पिला हाउसला तो मान एकोणिसाव्या शतकापासून मिळाला. प्रथम नाटकगृहांनीं आणि मागाहून चित्रपटगृहांनीं तेथील रस्ते गजबजविले. लहान शहरास असा कायमचा मोहल्ला पोसणें झेपत नाहीं. तें वर्षांतून एकदां, सुगीच्या तोंडावर, कांहीं दिवसांपुरता तो उभारतें आणि पुन्हां मोडून टाकतें. मराठवाड्यांतील हिंगोलीचें रामलीला मैदान हें अशा हंगामी नगरीचें ठिकाण होय. ही नगरी २०२० व २०२१ या दोन वर्षीं वसलीच नाहीं. तें मैदान ओस पडल्यानें कोणाचें काय गेलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हिंगोलीच्या दसऱ्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. निजामाच्या राज्यांत येथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि त्या फौजेंत उत्तर हिंदुस्थानांतील शिपाई पुष्कळ असत. गांवांतील खाकीबाबा मठानें या उत्सवाचा पाया घातला, असें सांगतात. मराठी मुलखांत दसरा म्हणजे सीमोल्लंघन, शमीपूजन आणि आपट्याचीं पानें. हिंगोलींत त्याच्या जोडीला रामलीला आणि रावणदहन आलें, तें या जुन्या संबंधांमुळें असावें. पुढें उत्सवाभोंवतीं प्रदर्शन वाढलें. आकाशपाळणे आले, मौतका कुआ आला, खेळण्यांचीं, बांगड्यांचीं, भांड्यांचीं आणि खाद्यपदार्थांचीं दुकानें आलीं. त्याच सुमारास सोयाबीन बाजारांत येऊं लागतें आणि कुणब्याच्या हातांत चार पैसे खुळखुळतात. वर्षभर राबलेलें कुटुंब खेड्यांतून निघून मैदानावर येतें, पोरें पाळण्यांत बसतात, बायका बांगड्या भरतात. हा केवळ चैनीचा खर्च म्हणतां येणार नाहीं. वर्षाच्या कष्टाला त्यामुळें एक प्रकारचा शेवट सांपडतो.

२०२० सालीं कोरोनाची सांथ आली. २५ मार्च रोजीं देशभर संचारबंदी सुरू झाली. तोच दिवस गुढीपाडव्याचा होता. चैत्र-वैशाखांत गांवोगांव ज्या जत्रा भरतात, त्या सर्व त्या एका हुकुमानें थांबल्या. पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवकरी सुपारी देण्यास तेथें येतात. तो व्यवहारहि त्या वर्षीं बंद पडला. दसऱ्यापर्यंत तरी दिवस पालटतील अशी आशा होती. परंतु शासनाच्या नियमांप्रमाणें गरबा व दांडिया वर्ज्य झाला आणि रावणदहन केवळ प्रतीकरूपानें, मोजक्या माणसांत उरकावयाचें ठरलें. २५ ऑक्टोबर २०२० चा दसरा हिंगोलींत असा मुकाट गेला.

ही बंदी अन्यायाची होती काय? तसें म्हणवत नाहीं. रोगाचें भय हिंगोलीस दूरचें राहिलें नव्हतें. राज्य राखीव पोलीस दलाच्या येथील गटाचे जवान परगांवच्या बंदोबस्तावरून परतले, आणि एप्रिल २०२० मध्यें त्यांच्यांतील कित्येकांना लागण झाल्याचें आढळलें. कर्तव्यासाठीं गेलेल्या शिस्तीच्या माणसांची जर ही गत, तर शेंकडों खेड्यांतील माणूस ज्या गर्दींत खांद्याला खांदा लावून हिंडतो, त्या गर्दीची कथा काय? मैदान बंद ठेवलें हें योग्यच झालें. प्रश्न आहे तो त्या योग्य निर्णयाची किंमत कोणी मोजली हा.

येथें जुन्या प्लेगची आठवण उपयोगी पडते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां लाखों माणसें शहर सोडून गेलीं, आणि १८९७ सालीं सांथीचा कायदा झाला. २०२० मध्यें महाराष्ट्रांत निर्बंध आले ते त्याच कायद्याच्या आधारें. परंतु दोन्ही प्रसंगांत मोठें अंतर आहे. प्लेग एका शहरांतून दुसऱ्या शहरांत सरकत गेला. एका गांवीं खेळ बंद झाला तर दुसऱ्या गांवीं तंबू ठोकण्याची आशा तरी असे. फिरस्त्या खेळकऱ्याचा सारा विमा त्याच्या पायांत असतो. येथें पीक बुडालें तर तो पुढल्या जत्रेस जातो, पाऊस लागला तर पलीकडच्या जिल्ह्यांत उतरतो. २०२० मध्यें सर्व रस्ते एकदमच बंद झाले, आणि त्याची ही एकुलती एक पुंजी निकामी झाली.

शिवाय दुसरी अडचण अशी कीं, त्याला गांव नाहीं. दुकानदाराला पाटी असते, शेतकऱ्याला सातबारा असतो, नोकराला हजेरीपट असतो. पाळणेवाल्याचें काम मात्र मैदानाबरोबर उभें राहतें आणि मैदानाबरोबर मिटतें. हिंगोलीचें मैदान रिकामें राहिलें, तेव्हां हिंगोलीकरांना उत्सव चुकल्याची हुरहूर लागली. पण ज्यांची रोजी बुडाली ते बहुतेक परगांवचे होते. त्यांची मोजदाद ना या गांवानें केली, ना त्या गांवानें. २०२१ मध्यें राज्यशासनानें सुमारें ५६ हजार कलावंतांना प्रत्येकीं ५,००० रुपयांची एकवार मदत देण्याचें ठरविलें. तें चांगलेंच झालें. पण पाळणा फिरविणारा, तंबूचे खुंटे ठोकणारा, फुगे विकणारा यांचीं नांवें कलावंतांच्या यादींत कशीं यावींत?

नाट्यगृहें व चित्रपटगृहें २२ ऑक्टोबर २०२१ रोजीं निम्म्या आसनांनिशीं उघडलीं; दसरा त्यापूर्वींच एक आठवडा होऊन गेला होता. सर्व निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ रोजीं. म्हणजे ८ ऑक्टोबर २०१९ च्या दसऱ्यानंतर मोकळेपणाचा दसरा यावयास ५ ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. जो धंदा वर्षांतील थोड्या दिवसांवर उभा असतो, त्याला अशीं तीन वर्षें म्हणजे लहानसहान खंड नव्हे. एवढ्या काळांत लोखंडी पाळण्याला गंज चढतो, काढलेलें कर्ज वाढतें, आणि हातचा कसबी माणूस दुसऱ्या मजुरीस लागतो.

सांथ पुन्हां येणार नाहीं, असें कोणी सांगूं शकत नाहीं. ती आली तर मैदानें पुन्हां बंद करावीं लागतील, आणि तीं करावींतच. मात्र आधींची तयारी आपल्या हातांत आहे. जेथें जेथें अशीं प्रदर्शनें भरतात, तेथील समित्यांनीं व नगरपालिकांनीं येणाऱ्या प्रत्येक खेळकऱ्याची व विक्रेत्याची नोंद ठेवावी, आणि जागेच्या भाड्यांतील अल्पसा अंश दरवर्षीं त्यांच्या नांवें बाजूस काढावा. मैदान भरतें तेव्हां त्याचें उत्पन्न गांव घेतें. तें रिकामें राहतें तेव्हां त्याचें ओझें एकट्या परगांवच्या माणसानें कां वाहावें? दसऱ्याला आपट्याचें पान सोनें म्हणून एकमेकांस देण्याची आपली रीत आहे. जो आपल्या पोराबाळांना वर्षांतून एकदां हंसवून जातो, त्याचाहि त्या सोन्यांत कांहीं वांटा आहे.